कोणासाठी करायचं?

गेल्या वर्षीची गोष्ट. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे आमच्या पांढुर्ण्यात गोटमारीचा दिवस. माझ्या मुलाचा जन्म त्याच दिवसाचा. तारीख दर वर्षी मागेपुढे होते, पण गल्लीत कोणालाही विचारा, "काकूंचा मोठा कधीचा?" तर "गोटमारीचा" हेच उत्तर मिळेल.

सकाळी शेजारची सून आदल्या दिवशी नेलेलं पुरणयंत्र परत द्यायला आली. म्हणाली, "काकू, आज दादाचा वाढदिवस ना? काय करून राहिल्या?"

मी म्हटलं, "काय करू वं? घरात कोणी नाही. कोणासाठी करायचं?"

ती गेली. ओसरीत हे पेपर वाचत बसले होते. पेपर जरा खाली घेऊन म्हणाले, "मग मी जेवू की नको?"

थट्टाच होती ती. मीही हसले. पण स्वयंपाकघरात आले आणि हात थांबला. 41 वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, तो समोर बसलेला असताना मी म्हटलं की घरात कोणी नाही. आणि हे काही पहिल्यांदा म्हटलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, मुलगा अमेरिकेला गेला, तेव्हापासून हे वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. श्रीखंड कोणासाठी करायचं? दिवाळीला नवे पडदे कोणासाठी शिवायचे? अंगणात रांगोळी कोण बघणार आहे? मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींच्या तोंडी हे वाक्य आहे, ते तुमचं तुम्हीच मोजा.

मुलं लांब गेली ह्यात त्यांचा दोष नाही. आम्हीच त्यांना त्यासाठी वाढवलं. माझं माहेर सौसर, सासर पांढुर्णा. दोन्ही गावं सीमेवरची. 1956 साली राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी. पण डॉक्टर, लग्नाची खरेदी, मुलांचं कॉलेज, सगळं नागपूरलाच. म्हणजे आमची मुलं पहिल्यापासूनच घरातून उठून दुसरीकडे जायला शिकलेली. आधी नागपूर, मग पुणे, मग बंगळूर, मग समुद्रापार. 2023 साली पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. कामासाठी छिंदवाड्याच्या चकरा मारायची गरज कमी झाली म्हणून सगळ्यांना आनंद. मी ह्यांना म्हटलं होतं, "जिल्हा घरी आला, मुलं मात्र लांब गेली." संत्र्याच्या बागा आहेत, वाडे आहेत, आणि त्यात दोन-दोन माणसं राहताहेत.

त्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी आशीर्वाद दिला आणि पुढचंच वाक्य बोलले, "ह्या वर्षी तरी येतोस की नाही?" तो म्हणाला, "बघतो आई, सुट्टी मिळाली तर." मी म्हटलं, "बघ बाबा. आम्ही आता किती दिवसांचे?" तो गप्प झाला. मागे नातीचा आवाज येत होता, तिनं बापासाठी काहीतरी चित्र काढलं होतं, ते दाखवायची तिला घाई होती. ते चित्र काही मी पाहिलं नाही. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, कारण मनातलं बोलून झालं होतं. बरं वाटलं नाही.

गोटमारीची दंतकथा आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. एका काठाचा मुलगा, दुसऱ्या काठाची मुलगी, दोघं जाम नदी ओलांडून निघाले होते, आणि पांढुर्णा-सावरगावच्या लोकांनी दोन्ही काठांवरून दगड मारले. ती पोरं पाण्यातच राहिली म्हणतात. जैन घरात आम्ही त्या दिवशी नदीकडे फिरकत नाही. अहिंसेचं नाव घेणारे आपण तो दगडांचा खेळ बघणार तरी कसा? पण त्या रात्री माझ्या मनात आलं, मी आज काय केलं? नदी ओलांडून गेलेल्या पोराला त्याच्या वाढदिवशी काठावरून एक दगडच मारला. शब्दाचा होता म्हणून काय झालं? वचनाची हिंसा हीसुद्धा हिंसाच, हे तर आपण पाठशाळेपासून शिकतो.

आता प्रश्न असा, की मग करायचं काय? आपल्यातल्या काही वडीलधाऱ्या बायका म्हणतात, हा सगळा मोहच आहे, सोडून द्या. वाढदिवस कसला साजरा करता? आयुष्याचं एक वर्ष वाढलं नाही, कमी झालं. बोलणं खरं आहे. पण मला विचारावंसं वाटतं, मग चैत्र शुद्ध त्रयोदशीला आपण भगवान महावीरांचा पाळणा का हलवतो? तीर्थंकरांची 5 कल्याणकं आपण मानतो. त्यात गर्भ आणि जन्म आहेत, तसं दीक्षा म्हणजे तपकल्याणकही आहे. ज्या दिवशी मुलगा घर सोडून निघाला, तो दिवससुद्धा आपल्या धर्मानं मंगल मानला आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आम्ही मात्र जन्म तेवढा धरून बसतो, आणि निघून जाण्याला दुर्दैव म्हणतो.

माझी एक श्वेतांबर मैत्रीण आहे. आम्हा दिगंबरांचं दशलक्षण भाद्रपद पंचमीला लागतं, त्यांचं पर्युषण त्याआधीच सुरू असतं, आणि पोळ्याच्या सुमारास त्यांच्याकडे कल्पसूत्रातलं महावीरजन्माचं वाचन होतं. तिनं मला एकदा नेलं होतं. तिथे ऐकलेली कथा अशी. बाळ महावीर गर्भात असताना, आपल्या हालचालीनं आईला त्रास होतो म्हणून ते अगदी निश्चल झाले. त्रिशलामाता घाबरली. माझ्या बाळाला काही झालं तर नाही? राजवाड्यातलं गाणंबजावणं थांबलं. बाळाला हे कळलं, त्यानं जराशी हालचाल केली, आणि आई आनंदली. तेव्हाच त्यांनी ठरवलं, आईवडील असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही.

हा शेवटचा भाग आमच्या दिगंबर परंपरेत नाही. आमच्याकडे भगवान 30व्या वर्षी मातापित्यांच्या देखत निघाले. पण शेवटचा भाग ऐकून बाहेर एक आजी म्हणाल्याच, "बघा, देवसुद्धा आईसाठी थांबले! आणि आपली पोरं?" मला तेव्हा ते पटलं होतं. आता पटत नाही. तो निश्चय बाळानं आपणहून केला होता. त्रिशलामातेनं तो मागून घेतला नव्हता. आणि आई सुखावली कशानं? बाळ हललं म्हणून. जे बाळ पोटात हलतं तेच पुढे रांगतं, उंबरा ओलांडतं, शाळेत जातं, गाव सोडतं. पहिल्या हालचालीला आपण डोळ्यांतून पाणी काढलं होतं आनंदानं. मग पुढच्या हालचालीला तक्रार का?

तत्त्वार्थसूत्रात 4 भावना सांगितल्या आहेत: मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य. प्रमोद म्हणजे दुसऱ्याचे गुण पाहून मनापासून आनंदणं. राग, म्हणजे शास्त्रात ज्याला आसक्ती म्हणतात तो राग, आणि प्रमोद, दोन्ही वरून सारखेच दिसतात. दोघांनाही मुलाची आठवण येते, दोघंही त्याच्यासाठी गोड करतात. फरक एवढाच की राग लगेच विचारतो, "आणि माझं काय?" प्रमोद असं विचारत नाही. वाढदिवस साजरा करण्यात मोह नाही. तो साजरा करून मुलाच्या नावावर बाकी मांडून ठेवण्यात मोह आहे.

कोणी म्हणेल, बोलायला सोपं आहे. दुखतं त्याचं काय? दुखतंच. शास्त्रानंही ते नाकारलेलं नाही. आर्तध्यानाच्या 4 प्रकारांत इष्टवियोग हा एक प्रकारच आहे. आवडत्या माणसाच्या वियोगाचं सतत चिंतन. आपल्या दुःखाला आचार्यांनी नाव देऊन ठेवलं आहे, ह्याचाच मला आधार वाटतो. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं. ते पाणी पुन्हा पुन्हा उकळत बसलं की आर्तध्यान होतं, आणि मग समोर बसलेला माणूससुद्धा दिसेनासा होतो. माझं तेच झालं होतं.

आणखी एक सांगते, नाहीतर गैरसमज होईल. मुलं विचारतच नाहीत, आजारपणातही फिरकत नाहीत, तिथे आईनं प्रमोद भावनेचं पांघरूण घेऊन गप्प बसावं असं मी म्हणत नाही. गरज असेल तर सरळ सांगावं, "बाबांचं ऑपरेशन आहे, ये." हे मागणं आहे, ह्यात लाज नाही. पण "ये" म्हणणं वेगळं आणि "तू येतच नाहीस" म्हणणं वेगळं. पहिल्यानं दार उघडतं. दुसऱ्यानं ते लागतं.

ह्या वर्षी गोटमारीच्या दिवशी मी सकाळी मंदिरातून आले आणि पुरण घातलं. चातुर्मास, त्यामुळे भाजीचं आमचं मर्यादितच, पण पुरणाला कोणाची मनाई? पहिली पोळी ह्यांच्या ताटात वाढली, वर तुपाची धार. हे म्हणाले, "आज कोण आलंय?" मी म्हटलं, "तुम्ही." सासूबाई असताना मुलांच्या वाढदिवशी आधी दान, मग गोड, असा नियम होता. तो मधे सुटला होता. ह्या वर्षी मुलाच्या नावानं औषधदानाचे पैसे बाजूला काढले. दुपारी शेजारचा 5 वर्षांचा नातू तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ओढत आला. त्याला बोजारा दिला, पोळी दिली. त्यानं अर्धी खाल्ली, अर्धी नंदीच्या तोंडाला लावली. आमची ओसरी पुरणानं माखली. कितीतरी दिवसांनी फरशी पुसताना मी कुरकुरले नाही.

साडेपाचला फोन लावला. आमच्याकडे सूर्यास्ताआधीचं जेवण, त्यांच्याकडे सकाळचे 8. निरांजन लावून फोनच्या पडद्यासमोरच ओवाळलं. हे मागून म्हणाले, "फोनला कुंकू नको लावू बाप्पा, महागाचा आहे." सगळे हसलो. नातीला मी आधी विचारलं, "चित्र काढलंस का?" तिनं दाखवलं. बैल होता म्हणे, मला मांजर वाटलं.

"कधी येतोस" हा प्रश्न ओठांवर आला होता, खोटं कशाला सांगू? गिळला. तेवढ्यात मुलानंच विचारलं, "आई, आज घरी कोण कोण होतं?"

मी सांगायला लागले. बाबा, शेजारचं पोरगं, त्याची आई, त्याचा नंदी. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, यादी बरीच लांब होती.