दुसऱ्याच्या रोगाची वार्ता

गावात एखाद्यास कुष्ठरोग झाल्याचे ज्यास प्रथम कळते, त्याने ते कोणास सांगावे व कोणास सांगू नये, हा प्रश्न आमच्या वऱ्हाडातील वाचकांस नवा नाही. आशाताई घरोघर चट्टे पाहत फिरतात, त्यांस कळते; आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस कळते; आणि पुष्कळदा रोग्याची आई रडत येऊन उपदेशकास सांगते, म्हणून त्यासही कळते. वैद्याने रोग्याचे गुपित राखावे हा नियम फार जुना आहे व तत्त्वतः तो सर्वांस मान्य आहे. अडचण पडते ती खेड्यात. शहरात वैद्य एका पेठेत व रोगी दुसऱ्या पेठेत राहतो. खेड्यात मात्र ज्याच्या हाती औषधाचे पाकीट तोच शेजारी, तोच मंडळीतील वडील, आणि कधी कधी तोच वरपक्षाचा मामाही असतो.

रोगाविषयी जे निश्चित ठाऊक आहे ते थोडक्यात असे. तो जंतूपासून होतो. पाप, शाप किंवा रक्तदोष ह्यांपासून नव्हे. 100 माणसांपैकी सुमारे 95 जणांच्या अंगी त्यास परतविण्याची शक्ती उपजतच असते. 1980 नंतरच्या दशकात संयुक्त औषधोपचार सुरू झाला, तेव्हापासून सहा अथवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. औषध फुकट मिळते, आणि ते सुरू झाल्यावर रोग्यापासून दुसऱ्यास बाधा होण्याचे भय लवकरच उरत नाही. परंतु उशीर झाला तर मज्जातंतू मरतात, आणि मेलेला मज्जातंतू औषधाने परत येत नाही. मग पऱ्हाटीत वेचणी करताना बोटास जखम झाली तरी बाईस कळत नाही, चुलीवरचे भांडे हातास लागले तरी कळत नाही, व असे करता करता हात जातो.

आता कोणी म्हणेल, रोग इतका साधा, तर लपवावयाचे ते काय? लपविणे म्हणजे ती लाज खरी आहे असे कबूल करणेच नव्हे काय? अचलपूर-परतवाड्यानजीक कोठारा येथे शंभरांहून अधिक वर्षे मिशनने ह्या रोग्यांची शुश्रूषा केली आहे. अमरावतीजवळ तपोवन येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली त्यांच्यासाठी वसाहत उभारली. तेथे कोणी तोंड झाकले नाही, मग गावातच का झाकावे? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु कोठाऱ्यास वा तपोवनास जो राहिला त्याच्या पाठीशी एक संस्था उभी होती. गावातल्या बाईच्या पाठीशी काय उभे असते? तिचे नाव षट्कर्णी झाले की वेचणीच्या टोळीत तिला बोलावणे येत नाही व लग्नाच्या पंगतीत तिचे पान वेगळे मांडतात. लाज मोडावयाची ती अवश्य मोडावी. पण ती दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून मोडू नये, असे आमचे मत आहे.

ह्या बाबतीत एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. ह्या रोगाचा जंतू नॉर्वे देशातील बर्गन शहरी डॉ. हान्सेन यांनी 1873 साली प्रथम पाहिला. जंतूनेच रोग होतो हे सिद्ध करण्याच्या उत्कंठेने त्यांनी 1879 साली इस्पितळातील एका बाईच्या डोळ्यात दुसऱ्या रोग्याच्या गाठीतील द्रव्य शस्त्राने टोचले. बाईस आधीच हा रोग होता, पण निराळ्या प्रकारचा. तिला काहीएक विचारले नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितले की, ह्या प्रयोगाकडे आपण ज्या दृष्टीने पाहतो त्या दृष्टीने ती पाहील असे गृहीत धरता येत नव्हते, म्हणून परवानगी मागितली नाही. 1880 साली न्यायालयाने त्यांस इस्पितळाच्या जागेवरून दूर केले. त्या बाईचे नाव ग्रंथांत छापलेले आहे. ते आम्ही येथे देत नाही. हान्सेन दुष्ट नव्हते, किंबहुना त्यांच्या शोधाने लक्षावधी लोकांचे कल्याण झाले. तथापि "ती नाही म्हणेल, म्हणून विचारू नये" हा जो विचार त्यांच्या मनात आला, तोच आमच्या गावातील भल्या माणसांच्या मनातही येतो. शस्त्राच्या जागी तेथे जीभ असते, इतकाच भेद.

शास्त्रात लेवीयाच्या नियमाप्रमाणे रोग्याने स्वतःच आपण अशुद्ध असल्याचे ओरडत जावयाचे असे. मार्काच्या पहिल्या अध्यायात मात्र प्रभूने कुष्ठी मनुष्यास स्पर्श करून बरे केल्यावर, हे कोणास न सांगता केवळ याजकास जाऊन दाखवावे, असे बजाविले. ह्यावरून मोठा सिद्धांत काढण्याची आमची इच्छा नाही. परंतु दाखविण्याचे ठिकाण तेथे एक होते, सगळा बाजार नव्हे, एवढे खास.

लग्नाच्या प्रसंगी ह्या नियमाची खरी कसोटी लागते. समजा, अकोट तालुक्यातील एका मुलीने दोन वर्षांपूर्वी औषध पुरे केले आहे व ती बरी झाली आहे. वरपिता उपदेशकाकडे येऊन हळूच विचारतो, "मास्तर, त्या घरात काही दोष तर नाही ना?" काही नाही म्हणावे, तर मुलीच्या दंडावरचा चट्टा आपण पाहिलेला असतो, खरे सांगावे, तर सोयरीक तेथेच मोडते. आम्हांस वाटते, उत्तर एवढेच असावे: "पाटील, कोणाच्या घरच्या दुखण्याविषयी मी बोलत नसतो, त्यांसच विचारा." पण येथे एक खुबी आहे. हेच उत्तर निरोगी घराविषयीही दिले पाहिजे. दहा घरांविषयी जो मास्तर "ठणठणीत आहेत हो" म्हणतो व अकराव्याविषयी गप्प बसतो, त्याने अकराव्याचे गुपित फोडलेच. मुलीने मात्र नवऱ्या मुलास स्वतः सांगावे, व डॉक्टरांकडून त्याची समजूत घालवून घ्यावी, असा आमचा सल्ला आहे. त्यासाठी तिजबरोबर डॉक्टरांकडे जावे, पण तिच्या मागे जाऊन बोलू नये. कुष्ठरोगाच्या कारणाने काडीमोड मागता येत असे, ती तरतूद 2019 च्या कायद्याने सर्व धर्मांच्या विवाहकायद्यांतून काढून टाकली, आमच्या 1869 च्या कायद्यातूनही. हे तिच्या आईबापांस अवश्य सांगावे. भिकाऱ्या रोग्यास पकडून कोंडण्याचा 1898 चा कायदाही 2016 साली रद्द झाला.

औषधही कधी कधी चुगली करते. तीन औषधांपैकी क्लोफॅझिमीनने कातडी तांबूस-काळी पडते. ती औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत होते. परंतु ह्या भयाने कित्येक जण गोळ्या सोडून देतात. अशा वेळी "तुझा रंग का बदलला?" असे चारचौघांत न विचारणे हीदेखील शुश्रूषाच होय.

सर्वांत अवघड प्रश्न आता येतो. रोग्याच्या सहवासातील लोकांस रिफाम्पिसिनचा एकच डोस दिला असता पुढील दोन वर्षांत त्यांस रोग होण्याचा संभव निम्म्याहून अधिक कमी होतो, असे बांगलादेशातील प्रयोगात दिसून आले. तो 2008 साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली ह्यास अनुमती दिली व आपल्या देशाच्या कार्यक्रमातही हा डोस दिला जातो. तो घेणारे दोन वर्षांवरील असावेत, व त्यांस कुष्ठरोग अथवा क्षय नाही हे आधी तपासावे लागते. पण शेजाऱ्यास औषध द्यावयाचे तर तो विचारणारच की, मलाच का? रोग्याचे गुपित राखावे, तर शेजारचे लेकरू धोक्यात; लेकराचा विचार करावा, तर रोग्याचे नाव जाते. येथे दोन्ही बाजूंस खरे माणूस उभे आहे, म्हणून कोणत्याही एका बाजूस सोपे म्हणणे आम्हांस जमत नाही.

तरी आमचा कल असा. प्रथम रोग्यास विचारावे, आणि विचारताना शेजारच्या मुलांची नावे घेऊन विचारावे. बहुतेक माणसे लेकरांकरिता हो म्हणतात. तो हो म्हणाला तरी औषध त्याच्या भिंतीस लागून असलेल्या दोन घरांतच देऊ नये. सगळ्या आळीस द्यावे, म्हणजे मध्य कोठे आहे हे दिसत नाही. आशाताईंनी तपासणी गावभर करावी व तपासणीच्या वेळी कोणत्याही दारी अधिक रेंगाळू नये. आणि तो नाहीच म्हणाला तर? तर घरच्यांस तरी डोस द्यावा, आळीतील मुलांचे चट्टे नेहमीच्या तपासणीत बारकाईने पाहावेत, आणि आठवड्याने त्याच्या दाराशी पुन्हा जावे, तेही दुसऱ्याच काही कामाचे निमित्त काढून. आज नाही म्हणणारा मनुष्य पुढल्या महिन्यात हो म्हणू शकतो, विशेषतः तेवढ्या अवधीत बातमी गावात फुटली नाही असे त्याच्या दृष्टीस पडले असेल तर.