आयुष्याची दोरी आणि दुकानातली दोरी

रोह्याच्या बाजारपेठेत आमचं दोरखंडाचं दुकान आहे. पाटीवर 'दोरखंड' वडिलांच्या वेळेपासून राहिलंय. आत ताडपत्र्या, गमबूट, छत्र्या, बॅटऱ्या, मच्छरदाण्या सगळं मिळतं. दोरी मागणाऱ्याला मी आधी 'कशाला?' असं विचारतो. अशाने गिऱ्हाईक तुटतं, असं आमच्या चिरंजीवांचं मत. पण कशाला हे कळल्याशिवाय दोरी विकायचीच कशी? गुरं बांधायला सुंभ चालतो, मांडवाला काथ्या, ट्रकवरच्या मालाला पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, खाडीतल्या होडीला आणखी वेगळी. हल्ली जून लागला की शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईची पोरं येतात आणि म्हणतात, 'काका, ती निळी दोरी पन्नास फूट द्या, धबधब्यावर जायचंय.'

ती मी देत नाही.

का देत नाही हे सांगू लागलो की पोरं मोबाइलात बघतात. त्यांच्याबरोबर एखादा वयस्क असला तर तो हसून म्हणतो, 'अहो, आयुष्याची दोरी बळकट असली की झालं. देव तारी त्याला कोण मारी!' या वाक्यावर आजवर कुणी वाद घातलेला मी पाहिला नाही. वाद घालणारा नास्तिक ठरतो, किंवा भित्रा. मी दोन्ही नाही. नेमाने गीता वाचतो, आणि तरुणपणी सुरगड, घोसाळगड, तळगड, अवचितगड हे सगळे आसपासचे किल्ले पायाखाली घातलेत. तेव्हा प्रश्न नीट मांडू या. देवावर भरवसा असेल तर दोर, हेल्मेट, लाइफ जाकीट ही तजवीज म्हणजे भरवशातली खोट आहे का?

पेणला जा आणि श्रावणात गणपतीचे कारखाने बघा. हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी मूर्ती. ट्रकात भरताना दोन मूर्तींमध्ये पेंढा कोंबतात, सोंडेपाशी, हाताच्या बोटांपाशी कागदाच्या गुंडाळ्या लावतात, वरून ताडपत्री आवळतात. खड्ड्यात ट्रक आदळला तर बोटाचा टवका उडू नये म्हणून. 'विघ्नहर्ता आहे, स्वतःचं बघून घेईल' असं म्हणणारा कारागीर मला अजून भेटायचा आहे. ज्याची त्या मूर्तीवर सगळ्यात जास्त श्रद्धा, तोच पेंढा सगळ्यात जास्त वापरतो. आमच्या रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले आयुष्यभर हेच सांगत आले की देव माणसाच्या आत बसलेला आहे. हे जर खरंच मानायचं, तर आतल्या त्या मूर्तीला पावसाळ्यात, वरून दगड सुटणाऱ्या घळीतून उघड्या डोक्याने नेणं ही कसली भक्ती?

हे उत्तर सोपं झालं. त्याने माझं समाधान होत नाही, कारण भरवशाची बाजू इतकी लेचीपेची नाही. तिच्या बाजूने मोठी माणसं उभी आहेत, आणि त्यातलं एक पेण तालुक्यातलंच आहे.

गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानाला सुरुवात झाली आणि पुढे वर्षानुवर्षं हा माणूस देशभर चालत राहिला. पहाटे अंधारात कंदील घेऊन निघायचं, मुक्कामाला पोचायचं, दुसऱ्या पहाटे पुन्हा निघायचं. डोंगरात हिंडणाऱ्या कुणाही शूरवीराने यांच्यापुढे पायपिटीच्या गप्पा मारू नयेत. डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारातल्या चांडिलला त्यांना मलेरियाने गाठलं. ताप असा की लोक हवालदिल झाले, आणि विनोबा औषध घेईनात. ठेवायचं की न्यायचं हे देवाने ठरवावं. म्हणजे माझ्या दुकानातल्या त्या हसऱ्या काकांचंच म्हणणं, फक्त हसण्यावारी न नेता प्राणाची किंमत देऊन मांडलेलं. मोठमोठ्यांनी विनवण्या केल्या. अखेर विनोबांनी औषध घेतलं, बरे झाले आणि पुढे चालू लागले. तीस वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनारला याच माणसाने अन्न, पाणी, औषध सगळं सोडलं आणि देह ठेवला. तेव्हा मात्र कुणाच्याही विनवणीने ते हलले नाहीत.

एकदा औषध घेतलं, एकदा नाकारलं. यात विसंगती शोधणारे शोधतात. मी याचा अर्थ असा लावतो: चांडिलला भूदानाचं काम अर्ध्यावर होतं, पुढच्या गावांतली माणसं वाट बघत होती, तो देह एकट्या विनोबांचा उरला नव्हता. पवनारला त्यांच्या लेखी हिशेब पुरा झाला होता. देह केव्हा सोडावा हा अधिकार असलाच, तर ज्याच्यावर कुणाचं देणं उरलेलं नाही त्याला असेल. देवकुंड धबधब्याच्या डोहात उडी घेऊ पाहणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराचं सगळं देणं अजून बाकी असतं. घरी आई असते, नुकतं घेतलेलं बाइकचं कर्ज असतं, आणि आणखी एक सावकार असतो ज्याचं नावही त्याला ठाऊक नसतं. त्याच्याकडे मी येतोच.

विनोबांची गीतेवरची प्रवचनं, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली, साने गुरुजींनी टिपून घेतलेली, माझ्या गल्ल्याशेजारी असतात. पण इथे मला मूळ गीतेचा अठरावा अध्याय हवा आहे. त्यात तामस कर्माचं लक्षण सांगितलंय, पंचविसाव्या श्लोकात. पुढे काय होईल, किती नुकसान होईल, दुसऱ्या कुणाला इजा होईल का, आणि हे आपल्याला झेपणार आहे का, या चार गोष्टी न बघता मोहाने जे आरंभलं ते तामस. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात नोंदणी आली, प्रशिक्षित माणसं आली, नियम आले. सगळं योग्यच. पण कुठल्याही सहलीच्या म्होरक्याने निघण्याआधी हा एक श्लोक मनात घोळवला तरी निम्मं काम होईल. गीता धोक्याला नाही म्हणत नाही, ती सांगितली गेलीच मुळी रणांगणावर. न बघता उडी घेण्याला ती तामस म्हणते.

बघायचं म्हणजे काय, ते दोरीपुरतं सांगतो, कारण ते माझं क्षेत्र. पीपीची निळी दोरी आणि डोंगर चढायचा दोर, दोन्हींचे तुकडे कापून शेजारी ठेवा. निळ्या दोरीत वर तेच आणि आतही तेच, तीन पेड एकमेकांना पिळलेले. वर्षभर उन्हात राहिली की बोटांना भुगा लागतो. गाठ मारली की सरकते. साधारण १६० अंशांना ती वितळते, त्यामुळे दुसऱ्या दोरीवर घासली की स्वतःच्याच उष्णतेने कापली जाऊ शकते. चढाईच्या दोराला वर घट्ट विणलेली खोळ आणि आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा. भार गाभा पेलतो, खोळ त्याला दगडापासून जपते. पण खरी गंमत ताणण्यात आहे. सत्तर किलोचा माणूस दोरीला नुसता लोंबकळला तर भार सत्तर किलोचा. तोच चार हात खाली येऊन हिसका बसला की भार कित्येक पटींनी वाढतो. चढाईचा दोर लांबतो आणि तो हिसका गिळतो. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या चाचणीत ८० किलोचं वजन पाडतात, आणि पहिल्या हिसक्याला १२ किलोन्यूटनच्या वर जोर पोचला तर एकेरी वापराचा तो दोर नापास. निळी दोरी न लांबता तो जोर एकतर तुमच्या बरगड्यांना देते, नाहीतर तुटते. खाली उतरायला, रॅपलिंगला कमी ताणणारा दोर लागतो, तो आणखी निराळा. दोन्हींवर चाचणीचा शिक्का बघून घ्या, आणि वापरलेला दोर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो आधी किती वेळा हिसकला गेलाय हे डोळ्यांना दिसत नाही.

तेच पाण्याचं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून. टाटांनी मुंबईच्या विजेसाठी १९२७ साली उभारलेलं ते वीजघर, पाणी मुळशीचं, ज्या मुळशीसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. म्हणजे आभाळ कोरडं असतानाही ही नदी सकाळी फुगते. काठावर बसून पाय सोडलेत आणि पाणी घोट्याचं गुडघ्याला आलं, तर ती दैवी लीला समजू नका, उठा. राफ्टवर लाइफ जाकीट देतील ते बक्कल लावून झालं की मित्राला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जाकीट हनुवटीवरून नाकाकडे सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. बदलून मागा. लाजू नका, पैसे भरलेत.

आता तो अनोळखी सावकार. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ एक तरुण मुलगी सुमारे ३०० फूट दरीत पडली. तिला वर आणायला कोलाडच्या बचाव पथकातली माणसं पावसात खाली उतरली. काही तास झुंजून त्यांनी तिला बाहेर काढलं, पण ती वाचली नाही. गेलेल्या पोरीबद्दल लोक जे बोलले ते मला सहन झालं नाही. मेलेल्या माणसाला उपदेश करून कुणाचं भलं होत नाही. मी उतरणाऱ्यांकडे बघतो. त्या पावसात, त्याच निसरड्या दगडावर, त्यांची आयुष्याची दोरी कुणी तपासली होती? त्याच्या आदल्या वर्षी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. तिथली माणसं सहलीला गेली नव्हती, आपल्या घरात झोपली होती. त्यांच्या मदतीला अंधारात डोंगर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराने गेले. मदतीला जाणारा प्राणाने किंमत मोजतो, हे आमच्या जिल्ह्याला पुस्तकात वाचावं लागत नाही.

म्हणून 'माझा जीव आहे, मी बघीन' हे वाक्य मला धर्मदृष्ट्या खोटं वाटतं. दरीत पडलेल्याचा जीव तेवढ्या वेळापुरता त्याचा नसतोच, तो खाली उतरणाऱ्या पोराच्या कमरेला बांधलेला असतो. आपण देवऋण, ऋषिऋण, पितृऋण म्हणतो. जो अजून दोर घेऊन निघालेलाही नाही, त्याचं ऋण आपण घरून निघतानाच काढत असतो. चांगला दोर, चांगले बूट, डोक्यावर हेल्मेट ही त्या कर्जाच्या परतफेडीची तयारी. आपली भीती झाकण्याशी तिचा संबंध नाही.

मग सगळंच विकत घ्यावं का? दुकानदार म्हणून 'हो' म्हणायला हवं. पण गागोद्याचा माणूस आड येतो. अपरिग्रहाचा अर्थ काहीच न बाळगणं असा मी घेत नाही, विनोबांच्या हातात कंदील होताच. वाटेला लागेल तेवढंच बाळगायचं, इतकाच अर्थ. हल्ली पोरांच्या पाठीवर कर्णाल्याच्या वाटेसाठी हिमालयाचं सामान असतं. त्यात मिरवणं जास्त, आणि मिरवणाऱ्या सामानाचा वाईट गुण असा की ते माणसाला खोटं धैर्य देतं. हेल्मेट आहे म्हणून कड्याच्या आणखी दोन पावलं जवळ जायचं. गीतेतल्या चारांतली शेवटची गोष्ट, झेपणार आहे का, ही पैशाने मिळत नाही. ती किल्ल्यावर वारंवार जाऊन, माहितगाराच्या मागून चालून मिळते. आमच्याकडचे कातकरी कमरेच्या आकडीत कोयता अडकवून कुठल्याही रानात शिरतात, त्यांना वाटेचं अंगभूत ज्ञान असतं. त्यांच्या अनवाणी पायांची वाखाणणी मात्र मी करत नाही. ती करणारे लोक बूट घालून करतात, आणि बूट परवडले तर कातकरीही घालतात. माझ्याकडे येऊन घेतात.

पावसाळ्यात देवकुंड, कुंभे या बाजूंना बंदीचे हुकूम निघतात ते वाचा आणि पाळा. दसरा झाला की अवचितगडावर या. रोह्याहून मेढा जवळ आहे, वर बारा कोनांचा तलाव आहे, महादेव आहे. झाडी दाट, वाट चुकायला होते, म्हणून गावातला माणूस बरोबर घ्या आणि ठरलेले पैसे त्याला घासाघीस न करता द्या. दोर लागत नाही. पाणी, शिट्टी, ओल्या दगडावर पकड घेणारे बूट आणि डोक्याला लावायची बॅटरी एवढं पुरे. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. बॅटरी माझ्याकडे मिळते. घरात एक असेल तर दुसरी घेऊ नका, सेल तेवढे नवे घाला.