दुवा आणि ऋण

मराठीत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. साखळीतील कडी हा एक, आणि अंतःकरणापासून दिलेला आशीर्वाद हा दुसरा. महाजालावर एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या वाटेला आपण ‘दुवा’ म्हणू लागलो, तेव्हा पहिलाच अर्थ आपल्या मनात होता. दुसराही तेथे लागू पडतो काय, हा प्रश्न मला अमेरिकेतील दोन शहरांच्या अभ्यासांमुळे पडला.

पहिला अभ्यास शिकागोचा. तेथील वृत्तविषयक संकेतस्थळांचे जाल-विश्लेषण रिच गॉर्डन आणि झॅकरी जॉन्सन यांनी केले व शिकागो कम्युनिटी ट्रस्टने ते २०११ साली प्रसिद्ध केले. या पद्धतीत बातम्यांचा मजकूर वाचावा लागत नाही. प्रत्येक संकेतस्थळ हा एक बिंदू आणि त्याने दुसऱ्याला दिलेला दुवा हा एक बाण. बाण रेखाटीत गेले की शहरातील वृत्तव्यवहाराचा नकाशा तयार होतो. कोणाकडे साऱ्यांची बोटे वळतात, कोण इतरांना वाट दाखवतो आणि कोण एकाकी उभा आहे, हे त्यात एका दृष्टिक्षेपात कळते. जॉन क्लाइनबर्ग या संगणकशास्त्रज्ञाने १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या विचाराला गणिती रूप दिले होते. त्याच्या मते प्रमाणस्थान आणि वाटाड्या यांची योग्यता परस्परांवर अवलंबून असते. चांगला वाटाड्या तो, जो प्रमाणस्थानाकडे नेतो. आणि प्रमाणस्थान ते, ज्याकडे चांगले वाटाडे नेतात.

विचार सुंदर आहे. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. ज्याचे ऋण घेतले त्याच्याकडेच माणूस बोट दाखवतो, असे ते गृहीत. प्रत्यक्षात तसे घडते काय?

येथे दुसरा अभ्यास उपयोगी पडतो. प्यू संशोधन केंद्राने जुलै २००९ मधील एका आठवड्यात बाल्टिमोर शहरातील ५३ वृत्तमाध्यमे तपासली आणि सहा प्रमुख विषयांवरील बातम्यांचा उगम शोधला. जानेवारी २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १०० पैकी ८३ बातम्यांत नवे काही नव्हते. ज्यांत नवी माहिती होती, त्यांपैकी ९५ टक्के जुन्या माध्यमांतून, विशेषतः वृत्तपत्रांतून आलेल्या होत्या. दुसऱ्याच्या लेखनाचे भाग नामनिर्देश न करता वापरल्याची, इतकेच नव्हे तर त्यात स्वतःची भर असल्याचा आभास निर्माण केल्याचीही उदाहरणे आढळली. आणि हे ऋण केवळ लहानांनीच मोठ्यांचे घेतले असेही नाही. सार्वजनिक बसगाड्यांत संभाषण टिपणारी यंत्रे बसवण्याची सरकारी योजना मोठ्या वृत्तपत्रांच्या नजरेतून जवळजवळ निसटली होती. ती हेरली एका लहानशा स्थानिक संकेतस्थळाने.

म्हणजे नकाशा खोटा नसतो, पण दिलेले बाणच तो दाखवतो. जो बाण द्यायला हवा होता आणि दिला गेला नाही, त्याची जागा कोरी राहते. त्या कोऱ्या जागेवर कदाचित एखाद्याचे सारे श्रम असतात.

हे लिहिताना स्वतःकडे पाहणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी बडोद्यात आमच्या मंडळात मी गायकवाडी काळात येथे आलेल्या मराठी घराण्यांवर व्याख्यान दिले. त्यातील निम्मी माहिती एका वृद्ध गृहस्थांच्या हस्तलिखित वहीतली होती. व्याख्यानात मी छापील ग्रंथांची आणि नामवंत इतिहासकारांची नावे आदराने घेतली. वहीचा उल्लेख राहिला. राहिला म्हणण्यापेक्षा, तो केल्याने व्याख्यानाचे वजन वाढणार नव्हते, म्हणून सुचला नाही. ते गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसले होते. शेवटी त्यांनी माझे अभिनंदनही केले. त्या सभेचा कोणी नकाशा काढला असता, तर माझे सारे बाण ग्रंथांकडे गेलेले दिसले असते, आणि जेथून मी खरोखर घेतले त्या माणसाकडे एकही नाही.

यावर कोणी म्हणेल, बातमी काय किंवा इतिहास काय, तथ्य हे सर्वांचे असते. त्यावर कोणाची मालकी कसली? तथ्य सर्वांचे, हे मान्य. परंतु ते शोधण्याचे श्रम कोणा एकाचेच असतात. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. निष्काम कर्माची शिकवण मानणाऱ्याने श्रेयाची अपेक्षा का धरावी? त्याने धरू नये, हे खरे. पण फलाची आशा सोडण्याचा उपदेश करणाऱ्याला आहे. त्या उपदेशाच्या आधाराने घेणाऱ्याला आपले देणे बुडवता येत नाही.

आणि हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. त्याच अभ्यासानुसार ‘बाल्टिमोर सन’ या वृत्तपत्राने २००९ मध्ये १९९९ च्या तुलनेत ३२ टक्के कमी बातम्या दिल्या. नळ वाढत जावेत आणि विहीर मात्र आटत जावी, तसे हे झाले. पाणी कोठून येते हे ज्याला ठाऊक नाही, तो विहिरीचा गाळ उपसायला जाणार नाही. शिवाय उगमाचा पत्ताच नसेल, तर पाणी शुद्ध आहे की नाही हे वाचकाने पाहावे तरी कोठे?

आपल्या नियतकालिकांत दुसरीकडून घेतलेल्या मजकुराखाली ‘साभार’ असे छापण्याचा प्रघात आहे. बारीक टाइपातला तो शब्द मी इतकी वर्षे उपचार समजत होतो. आज वाटते की ते एका ऋणाची जाहीर कबुली देणे आहे. दुवा देणे म्हणजे वाट दाखवणे, तसेच ज्याच्या कष्टावर आपण उभे आहोत त्याचे भले चिंतणेही होय. वहीवाले ते गृहस्थ आज हयात नाहीत. वही त्यांच्या घरी आहे, आणि यापुढे त्या विषयावर बोलताना माझे पहिले वाक्य तिच्याविषयी असेल. हे त्यांच्या हयातीत व्हायला हवे होते.