झाकणे आणि सांधणे

ट्रक-टेम्पोच्या हौद्याला मागच्या बाजूने जे लोखंडी झाकण असते, त्याला आपल्याकडे फाळका म्हणतात. खाली बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना कड्या आणि साखळ्या, एवढाच त्याचा संसार. माल भरताना तो खाली पडतो, भरून झाला की धाडकन वर येतो. गाडीचे कौतुक होते तेव्हा लोक इंजिनाबद्दल बोलतात, ॲव्हरेजबद्दल बोलतात. फाळक्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याच्यावर रंगवलेले मात्र सगळे वाचतात. कुठे ‘७८६’, कुठे ‘आईची कृपा’, कुठे ‘हॉर्न ओके प्लीज’. हे शेवटचे वाक्य महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंद केले, तरी जुन्या रंगाखालून ते अजून डोकावते.

आमच्या घरी अशी एक गाडी होती. मॅटाडोर, मागे उघडा हौदा असलेली. ‘टेम्पो’ हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे की ते हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीचे नाव होते, हे कुणाच्या ध्यानातही राहिलेले नाही. १९५८ पासून बजाज टेम्पोने इथे तीनचाकी गाड्या काढल्या, पुढे मॅटाडोर आली आणि सांगली-साताऱ्याचा भाजीपाला, हळद, द्राक्षे तिच्यावर बसून बाजार पाहू लागली. अब्बांनी आमची गाडी जुनीच घेतली होती. तिच्यावर आम्ही तिघे भाऊ शिकलो, दोन बहिणींची लग्ने झाली. अब्बा गेल्यावरही ती दारात उभी होती.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही माणसे बाहेर काढली, गाडी काढता आली नाही. १२ तारखेची बकरी ईद आम्ही पाहुण्यांच्या गावी केली. परत आलो तेव्हा मॅटाडोर गाळात उभी होती, हौद्यात कुणाची तरी पाण्याची घागर वाहून आलेली.

इंजिनाच्या कामात जवळची सारी रक्कम गेली. फाळक्यासाठी उरले चार हजार. गाडी चालू करून विकायची आणि त्या पैशात घराची भिंत उभी करायची, असे ठरले होते.

फाळका वरून बरा दिसत होता. पण त्याला आतून-बाहेरून दोन पत्रे असतात, आणि खालच्या दुमडीत पुराचा गाळ जाऊन बसला होता. पाणी निथळायची भोके बुजलेली. अशा ठिकाणी ओल महिनोन्‌महिने राहते आणि लोखंड आतून खात सुटते. बाहेर रंगाला नुसता फुगवटा दिसतो. मिरजेचे एक मिस्त्री, अब्बांच्या ओळखीचे, त्यांनी त्या फुगवट्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि हलकेच दाबला. तो थेट पलीकडे निघाला. “हा पत्रा नाही रे पोरांनो, पापड आहे,” ते म्हणाले.

तीन वाटा होत्या. नवा फाळका बांधून घेणे. ते आमच्या आवाक्याबाहेरचे. दुसरी वाट सगळ्यांत स्वस्त: भोकांत जाळी भरायची, वर लांबी थापायची, घासून गुळगुळीत करायची आणि रंग मारायचा. हजार-दीड हजारात फाळका नव्यासारखा. तिसरी, सडलेली खालची पट्टी कापून काढायची आणि नवा पत्रा सांधायचा. मिस्त्रींनी हिशेब केला. पत्रा, बिजागरीच्या पिना, साखळ्या, मजुरी धरून चार हजारांत कसेबसे बसेल; मात्र घासकाम आणि रंगकाम आम्ही करायचे.

थोरला भाऊ दुसऱ्या वाटेचा होता. त्याचे म्हणणे चुकीचे होते असे आजही म्हणवत नाही. विकायचीच आहे तर घालायचे कशाला? घेणारा पारखून घेईल. बाजारात सगळे हेच करतात. आणि पूर काय आम्ही आणला?

या शेवटच्या प्रश्नावर आम्ही अडलो. बाजारातल्या धान्याच्या राशीचा हदीसमधला प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला तर आतून ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. त्यावर पावसाबद्दल त्याला काही बोल लावला गेला नाही; विचारले गेले ते एवढेच की, मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. लहानपणी हा प्रसंग आम्ही वजन-मापाच्या गोष्टींत जमा केला होता. पुरानंतर कळले की त्यात आमचाच प्रश्न आहे. पाऊस आपला नसतो. झाकणे आपले असते.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला प्रामाणिकपणा स्वस्त पडतो. तो नवा फाळका बसवतो, कुणाला काही सांगायची वेळच त्याच्यावर येत नाही. गरिबाकडे मात्र सांगण्यासारखे दोष जास्त आणि सांगितल्यावर होणारे नुकसानही जास्त. मग गरिबाकडून तीच अपेक्षा करणे न्यायाचे आहे का?

याचे उत्तर आम्हाला मिस्त्रींच्या कामात थोडेफार दिसले. ते कंजूष माणूस. पत्रा नवा कोरा न घेता भंगारवाल्याकडून एका कपाटाचा आणला, रंग आम्हाला उरलेल्या डब्यांतला दिला. वरच्या कडेचे पोचे तसेच ठेवले. “पोचा दिसायला वाईट, वजनाला नाही,” म्हणाले. पण बिजागरीच्या पिना त्यांनी लेथवर नव्या करून आणवल्या, साखळीची एक कडी झिजलेली दिसली तर अख्खी साखळी बदलली. पातळ पत्र्याला एका दमात वेल्डिंग मारले तर तो तापून वाकतो. म्हणून हातभर अंतरावर टाके, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये थंड होऊ द्यायचे. टाके मारतानाही फाळका गाडीवर चढवून, बंद करून, नाहीतर नंतर तो जागेवर बसत नाही. दिवस मोडला. मजुरी मात्र ठरली तीच घेतली. लांबी लावली तीही नखाएवढी पातळ. जाड लांबी फाळका दोनदा आपटला की भेगाळते. आतून रेड ऑक्साइड, आणि खाली निथळायची भोके पुन्हा पाडून घेतली.

त्यांची काटकसर आम्ही पाहत राहिलो तेव्हा तिची एक रीत दिसली. ज्या कसरीचा भार आपल्या अंगावर पडतो, ती त्यांनी मोकळ्या हाताने केली. जिचा भार दुसऱ्यावर पडेल, तिथे एक रुपया वाचवला नाही. पोचे राहिले तर गाडी कुरूप दिसेल, किंमत कमी येईल. ते आमचे नुकसान. पीन तुटली तर पोती रस्त्यावर येतील, आणि मागे असेल तो माणूस आमच्या ओळखीचाही नसेल. गरिबीला सूट आहे, पण ती स्वतःच्या वाट्यातून घ्यायची. तिऱ्हाइताच्या वाट्यातून ती सूट काढण्याचा अधिकार गरिबीलाही मिळत नाही. गरीब-श्रीमंतांना एकच माप लावणे न्यायाचे नसेल, पण फाळक्यामागून येणाऱ्याला तरी दुसरे कुठले माप लावणार?

मिरजेत बसून हा विचार करताना तिथल्या तंतुवाद्यांची आठवण होणारच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोऱ्याकडे वळले आणि तिथूनच मिरजेचे सतारमेकर उभे राहिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या भोपळ्याला भेग गेली तर ती सांधता येते. पण नुसती रंगाखाली झाकली तर तार छेडताच बोलते. वाद्य कारागिराची साक्ष रोज देते. फाळका देत नाही. तो वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि एकदाच बोलतो, तेव्हा ऐकायला उशीर झालेला असतो. म्हणून ज्या कामाची साक्ष निघत नाही, तिथेच माणसाच्या इमानाची परीक्षा जास्त.

आम्ही फार सरळ वागलो, असा कुणाचा समज व्हायला नको. हौद्याच्या डाव्या बाजूच्या पत्र्यालाही फुगवटे होते आणि तिथे आम्ही लांबीच भरली होती. पैसे संपले होते. कराडकडचा एक आल्याचा व्यापारी गाडी पाहायला आला. फाळका दोनदा आपटून पाहिला, खूश झाला. फाळका पाहून त्याने बाकीच्या पत्र्यावरही भरवसा टाकला. चांगले केलेले काम वाईट कामाचे झाकण होऊ शकते, हे आम्हाला तेव्हा उमगले. धाकट्याने त्याला डाव्या बाजूला नेले आणि लांबीवर बोटाने वाजवून दाखवले. व्यापाऱ्याने सहा हजार कमी केले. थोरला दोन दिवस बोलला नाही; भिंतीच्या विटा त्याच पैशातून यायच्या होत्या. त्याचा राग खोटा नव्हता, आणि धाकट्याचे बोटही. भिंत त्या वर्षी अर्धीच झाली.

पुढे एकदा कराडजवळ एस.टी.तून जाताना ती मॅटाडोर पुढे दिसली. रंग तोच, पोचे तेच. पोत्यांनी हौदा भरलेला, फाळक्याच्या दोन्ही साखळ्या ताणलेल्या. आणि तिच्या अगदी मागे, हात-दोन हातांवर, एक शाळकरी मुलगा सायकल मारीत चालला होता. त्या पिना कुणी बसवल्या, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. वर पाहण्याचीही त्याला गरज वाटत नव्हती. एस.टी. पुढे निघाली तरी आम्ही मान वळवून पाहत होतो.