नट आवळा, पण बेताने

संतांनी सांगितले, बंधने तोडा. बँकेने सांगितले, बंधपत्र भरा. या दोघांच्या मधे उभा राहून मी गेली वीस वर्षे पगार घेतो आहे, आणि खरे सांगायचे तर मला दोघांचेही पटते. संतांचे रात्री जेवण झाल्यावर, बँकेचे पगाराच्या दिवशी. माणसाने किती बांधून घ्यावे आणि किती सुटे राहावे, हा प्रश्न थोरामोठ्यांनी हिमालयात जाऊन सोडवला म्हणे. मला त्याचा थोडाफार उलगडा झाला तो एका मच्छीमार होडीच्या पोटात, डिझेलच्या वासात.

किन्हीराजाच्या माणसाचा होडीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. रास्त आहे. मालेगाव तालुक्यातले आमचे गाव. समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पुढे. आमच्याकडे लाटा पाहायच्या त्या वारा सुटल्यावर, सोयाबीनच्या वावरात. पण नोकरीची पहिली काही वर्षे बँकेने मला कोकण किनाऱ्यावर टाकले होते. तिथे होडीच्या इंजिनाला कर्ज मिळे आणि तारण म्हणून तेच इंजिन लिहून घेतले जाई. ते नीट बसवले आहे ना, हे बघायला साहेबांनी मला पाठवले. बी.कॉम.ला आम्हाला डबल एन्ट्री होती, डिझेल इंजिन नव्हते. तरी वही काखेत मारून मी गेलो.

होडीच्या तळाशी लांबीच्या दिशेने दोन जाडजूड लाकडी तुळया होत्या, आणि त्यांवर इंजिनाचे चार पाय. मी विचारले, ‘‘मिस्त्री, एवढ्या तुळया वजन पेलायला का हो?’’

‘‘वजनाचं काय साहेब, रेतीची गोणपण बसते गप. जोर कुठनं कुठं जातो ते बघा.’’

मग त्यांनी समजावले. पंखा पाणी मागे ढकलतो, पाणी पंख्याला पुढे ढकलते, पंख्याचा दांडा इंजिनाला रेटतो आणि इंजिन त्या बोल्टांतून, तुळयांतून अख्ख्या होडीला रेटते. म्हणजे जाळी, बर्फ, मासळी, खलाशी आणि आमच्या बँकेचे कर्ज, सगळे त्या चार पायांच्या बोल्टांवर पुढे सरकते! बोल्ट काढले तर इंजिन स्वतंत्र होईल, यात शंका नाही. पण ते स्वातंत्र्य दांडा वाकवून आणि तळाला भोक पाडून साजरे होईल.

बांधण्याचेही शास्त्र आहे. नुसता स्क्रू लाकडात पिळला की थरथरीने तो हळूहळू ढिला होतो. बोल्ट आरपार हवा आणि खाली रुंद वॉशर हवा, नाहीतर नटच लाकडात रुततो. आमच्याकडचे पुष्कळ जामीनदार स्क्रूच्या जातीचे असतात. सही वरवर पिळलेली, पहिला हप्ता थकला की हातात येते. दुसरे म्हणजे, फार आवळायचे नाही. लाकूड चेपते. थोडे आवळा, होडी चालवा, काही दिवसांनी पुन्हा पाना लावा. लग्नात एकदाच गाठ मारून निर्धास्त झालेल्या नवऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. तिसरे, बोल्टाच्या भोकात पाणी मुरू द्यायचे नाही. पावसाचे गोडे पाणी खाऱ्यापेक्षा लाकूड लवकर कुजवते. वर नट चकचकीत आणि आत भुसा, मग बोल्टाला बोल लावण्यात काय अर्थ?

आणि सर्वांत मोलाचे चौथे. इंजिन आणि दांडा एका रेषेत आहेत की नाहीत, हे शेवटचे तपासायचे ते होडी पाण्यात लोटल्यावर. जमिनीवर तंतोतंत जुळलेले पाण्यात जुळेलच असे नाही, कारण पाण्यावर होडीचा आकारच किंचित बदलतो. आमची बहुतेक तत्त्वे कोरड्या जमिनीवर जुळवलेली असतात, म्हणून संसारात पडल्यावर खडखडतात.

बांधायचे कशाला, हेही पाहावे लागते. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांना इंजिने बसवण्याचा उद्योग सुरू झाला. जुन्याच होड्यांत इंजिन बसवून पाहिले, ते काही जमेना. शेवटी इंजिन पेलतील अशा नव्या होड्या बांधाव्या लागल्या. हौस नवी आणि तुळई जुनी, हा घोटाळा घरोघरी आहे. त्याला नॉर्वे लागत नाही.

हे सगळे मला परवा आठवले, कारण प्रमोशनचा कागद पुन्हा आला आहे. ऑफिसर व्हायचे तर बदली आली. घरात आई आहे, पंचाऐंशीची. ती म्हणते, ‘‘तू जाय बापा. मले इथंच राहू दे.’’ मित्र म्हणतात, बांधून घेतलेस रे स्वतःला! मीही रात्री कुशीवर वळून विचारतो, हे कर्तव्य की नुसता गंज? कारण गंजलेला बोल्टही घट्टच असतो.

पण आमच्या गावातही इंजिन होतेच की. पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला; तसली इंजिने पुढे विहिरीविहिरीवर धडधडली. काँक्रीटच्या ओट्यात बोल्ट गाडून बसवलेली. ती जन्मात बोटभर पुढे गेली नाहीत, पण पाणी गेले, पार टोकाच्या वाफ्यापर्यंत. होडीतले इंजिन स्वतः जाण्यासाठी बांधतात, विहिरीवरचे दुसऱ्याला पोचवण्यासाठी. दोन्ही बांधलेलीच. तेव्हा घट्ट आहे की सैल, हा प्रश्नच अपुरा. पाट वाहतो आहे का, हे विचारावे. आई सकाळी माझ्या हातचा चहा घेते आणि साखर कमी म्हणून नावे ठेवते, तोवर वाहतो आहे असे मी धरतो. उद्या नुसतीच धडधड उरली, तर पाना माझ्याच हातात आहे.

आणि जागेवर राहूनही माणूस हिंडतोच. आमचे गाव १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्रात आले आणि १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्ह्यात गेले. हलले कुठे? एक बांधही नाही. प्रमोशनच्या फॉर्मवर ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’ असे दोन रकाने आहेत. पहिला मी सावकाश, सुवाच्य अक्षरात भरला आहे. दुसऱ्यात लिहिले आहे : वरीलप्रमाणे.