मोळी आणि आंघोळ : ‘श्यामची आई’च्या पुनर्वाचनाचा नैतिक प्रश्न

बालपणी जिवापाड आवडलेले पुस्तक प्रौढ वयात पुन्हा हाती घेणे ही कृती वरवर पाहता निरुपद्रवी आहे. बहुधा निमित्त घरातल्या मुलाचे असते. त्याला वाचून दाखवावे म्हणून कपाटातली जुनी प्रत बाहेर निघते आणि पहिल्या दहा-पंधरा पानांतच वाचून दाखवणारा स्वतःसाठी वाचू लागतो. पुस्तक पूर्वीसारखेच भेटले तर त्याला समाधान वाटते. तसे ते भेटले नाही तर दोष कोणावर तरी ठेवावा लागतो : एक तर पुस्तक मुळातच सामान्य होते आणि बालवयाला ते कळले नाही, किंवा पुस्तक चांगलेच आहे पण वाचणाऱ्याचे मन मधल्या काळात निबर झाले. या दोन्ही निष्कर्षांमागे एकच गृहीत आहे. बालवाचक आणि प्रौढ वाचक हे एकाच खटल्यातील दोन पक्ष असून त्यांपैकी एकाच्या बाजूने निवाडा द्यायचा आहे, हे ते गृहीत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’च्या संदर्भात ते तपासून पाहण्यासारखे आहे, कारण मराठीत इतक्या पिढ्यांनी लहानपणी वाचलेले आणि मोठेपणी इतक्या संकोचाने आठवलेले दुसरे पुस्तक सहजी सापडणार नाही.

पुस्तकाची निर्मितिकथा सर्वश्रुत आहे. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात, त्याचे लेखन झाले. बेचाळीस रात्री आश्रमातील सोबत्यांना श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. बालवाचकाच्या लेखी या चौकटीला जवळजवळ अस्तित्वच नसते. गोविंदा, राम ही श्रोत्यांची नावे तो विसरतो. त्याला पालगड दिसते, घर दिसते, आई दिसते. (अनेकांच्या स्मरणात तर ही दृश्ये आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटातून येऊन पुस्तकात मिसळलेली असतात.) प्रौढ वाचकाला मात्र चौकटच प्रथम दिसते. बोलणारा मुलगा नाही, तो प्रौढ पुरुष आहे. आई केव्हाच गेलेली आहे. आणि ऐकणारे सगळे प्रेमाने ऐकणारे आहेत, उलट प्रश्न करणारे नाहीत. म्हणजे ही संहिता स्वतःच एक पुनर्वाचन आहे. श्याम आपले बालपण पुन्हा वाचतो आहे. तेव्हा बालपणीच्या पुस्तकाकडे परतणारा वाचक काही अगोचरपणा करत नसतो. पुस्तकाच्या निवेदकाने जे केले तेच तो करत असतो. फरक एवढाच की निवेदक आईचे मोठेपण पुन्हा पुन्हा पडताळतो आणि ते दर वेळी सिद्धच होते.

साने गुरुजींच्या लेखनावर ‘रडके’ म्हणून शिक्का मारण्याची मराठी समीक्षेची जुनी सवय आहे. पुनर्वाचनातला संकोच बराचसा तिथून येतो. पण हा संकोच फार काळ टिकत नाही, कारण पुष्कळ प्रकरणे प्रौढ वाचनात क्षीण होण्याऐवजी वाढतात. ‘अळणी भाजी’ हे त्याचे चांगले उदाहरण. भाजीत मीठ घालायचे राहते, वडील चकार शब्द न काढता जेवतात, मुलेही जेवतात, आणि आई जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. दुसऱ्याच्या श्रमांना बोल लावू नये, हा धडा बालवाचक घेतो. वडिलांचा संयम त्याच्या मनात राहतो. प्रौढ वाचकाला आणखी एक गोष्ट दिसते. ही कथा घडू शकते ती आई सर्वांच्या शेवटी जेवते म्हणून. ती पंगतीबरोबर बसली असती तर चूक पहिल्याच घासाला कळली असती आणि वडिलांच्या मौनाला वावच राहिला नसता. घरातला जेवणाचा क्रम हा या नीतिकथेचा न बोललेला आधार आहे. हे लक्षात आल्यावर प्रकरण खोटे ठरत नाही. वडिलांचे सौजन्य सौजन्यच राहते. पण ते कोणत्या व्यवस्थेच्या आत शक्य झाले, हेही आता दिसते. येथपर्यंत पुनर्वाचन हे केवळ अधिक पाहणे आहे. त्यात कोणाला काही गमवावे लागत नाही.

‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणापाशी मात्र गमवावे लागते. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी रस्त्यात खाली पडली आहे. ती तिच्याने उचलवत नाही, आणि कोणी तिला हात लावणार नाही. श्यामची आई त्याला सांगते की जा, तिची मोळी तिच्या डोक्यावर चढव आणि मग घरी येऊन आंघोळ कर. लोक काय म्हणतील याची श्यामला धास्ती वाटते. त्यावर आईपाशी उत्तर तयार आहे : आपण घरी जाऊन आंघोळ करणारच आहोत, असे त्यांना सांगावे. श्याम जातो, मोळी चढवतो आणि घरी येतो.

बालवाचक या प्रसंगात मोळी वाचतो. प्रौढ वाचक आंघोळ वाचतो. दोन्ही गोष्टी आईच्या एकाच आज्ञेत आहेत, आणि त्या सोडवून वेगळ्या करता येत नाहीत हीच खरी अडचण आहे. आंघोळ हा तिच्या करुणेत राहून गेलेला रूढीचा अवशेष आहे, असे म्हणून सुटता येत नाही. प्रसंगाच्या घडणीत आंघोळ हा परवाना आहे. ती आहे म्हणून स्पर्श शक्य होतो. तिच्या आधारावर श्याम गावाला उत्तर देऊ शकतो. रूढीने दिलेली पळवाट आई रूढीविरुद्ध वापरते, आणि त्यात तिचे चातुर्य व धैर्य दोन्ही आहेत. पण त्याच क्षणी ती म्हातारी, जिला शिवल्यावर अंग धुवावे लागते अशी बाईच राहते. तिच्या डोक्यावर मोळी चढते आणि तो डागही तसाच राहतो. निवेदक श्याम अस्पृश्यतेविरुद्ध तळमळीने बोलतो. आईच्या त्या आज्ञेला मात्र तो दोष देत नाही.

अशा ठिकाणी ‘त्या काळात एवढे करणे हेच पुष्कळ होते’ असा युक्तिवाद हमखास केला जातो. त्यात तथ्य आहे, पण ‘तो काळ’ म्हणजे नक्की कोणता, हे विचारले पाहिजे. घटना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील कोकणातल्या खेड्यातली. कथन १९३३ चे. ज्या नाशिकच्या तुरुंगात हे लेखन झाले त्याच शहरात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला होता आणि तीन वर्षांनंतरही मंदिराचे दार उघडलेले नव्हते. ज्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहून झाले त्यांतल्याच एका दिवशी, ११ फेब्रुवारीला, गांधीजींच्या ‘हरिजन’चा पहिला अंक निघाला. हे योगायोग आहेत. त्यांच्यावर जास्त भार टाकू नये. परंतु एवढे त्यांवरून निश्चित दिसते की १९३३ च्या महाराष्ट्राला या प्रश्नावर एकच एक मन नव्हते. काळारामाच्या दारात बसलेली माणसेही ‘त्या काळा’चीच होती. काळाची सबब पुढे करणारा बहुतेक वेळा त्या काळातल्या एका घरातून बोलत असतो.

आणि घराचा प्रश्न निघाला की बालवाचकाचाही निघतो. पुनर्वाचनाविषयी जे लेखन होते त्यात एक निरागस पहिले वाचन गृहीत धरलेले असते. ते पुढे काळवंडते किंवा टिकते एवढाच वाद असतो. पण हे पहिले वाचन सर्वांना सारखे मिळाले होते काय? ‘श्यामची आई’ महारवाड्यातल्या मुलांनीही शाळेच्या ग्रंथालयातून आणून वाचले आहे. त्या मुलाच्या घरातली आजी मोळी वाहणारी असेल, तर आंघोळीचे वाक्य त्याला प्रौढ होईपर्यंत न दिसता राहिले असेल हे संभवत नाही. जे इतरांना तीस वर्षांनी उमगते ते त्याने दहाव्या वर्षी, बहुधा एकट्याने, वाचले असणार. वेन बूथ यांनी ‘द कंपनी वी कीप’ (१९८८) या ग्रंथात पुस्तकांशी असलेल्या नात्याला मैत्रीची उपमा दिली. त्या ग्रंथाची सुरुवात त्यांनी १९६० च्या दशकातल्या शिकागो विद्यापीठातील एका प्रसंगाने केली आहे. पॉल मोझेस या कृष्णवर्णीय सहकाऱ्याने ‘हकलबेरी फिन’ शिकवायला नकार दिला होता, आणि तेव्हा इतर प्राध्यापकांना, बूथना स्वतःलाही, तो रसिकतेचा अभाव वाटला होता. तो नकार हीच एक गंभीर वाङ्मयीन कृती होती, हे बूथना पुष्कळ उशिरा मान्य झाले. भारतीय काव्यशास्त्राच्या भाषेत हे साधारणीकरणाच्या सिद्धान्तापाशी येऊन ठेपते. रसिकाने आपले व्यक्तिविशिष्ट ‘मी’पण बाजूला ठेवावे, मग भाव सर्वांचा होतो, असे तो सिद्धान्त सांगतो. परंतु ‘मी’पण बाजूला ठेवणे ज्याला सोपे जाते तो सहसा असा असतो की ज्याच्या ‘मी’ला संहितेने कुठे डिवचलेले नाही.

मोळीची दुसरी बाजू मराठीतच लिहिली गेलेली आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) सरपणाच्या मोळ्या घेऊन ब्राह्मण आळीत विकायला जाणाऱ्या महार बायका येतात. घरातली बाई त्यांना बजावते की काटक्यांत केस किंवा लुगड्याचा धागा अडकलेला नाही ना, ते नीट बघून घ्या. नाहीतर घर बाटेल. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली म्हणजे साने गुरुजींच्या प्रकरणातली म्हातारी किती अस्पष्ट आहे ते ध्यानात येते. तिला नाव नाही. मोळी कुठून आणली, कुठे विकायची आहे, घरी कोण आहे, यांतले काही वाचकाला लागत नाही. तिच्यामुळे आईचे अंतःकरण दिसले की तिचे काम संपते. बालवाचकाने ढाळलेले अश्रू खरे होते, पण ते आईसाठी होते. तिच्यासाठी नव्हते.

यावर एक बचाव उरतो आणि तो सर्वांत मोहक आहे. आंघोळ खटकण्याची संवेदनाच मुळी या पुस्तकाने दिली. दुसऱ्याच्या दुःखाकडे बघायला ज्याने शिकवले त्याच्याच मापाने आज त्याला मोजले जाते. म्हणजे टीका ही कृतज्ञताच झाली. या म्हणण्यात थोडे सत्य आहे. अनेक मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांना अन्यायाची पहिली बोच याच पानांनी लावली, आणि स्वतः साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले. आईच्या परवान्यापाशी ते थांबले नाहीत. तरीही या बचावाकडे संशयाने पाहावे. त्यात पुस्तकाला त्याच्या उणिवेचेही श्रेय मिळते आणि वाचक आपल्या जुन्या प्रेमासह निर्दोष सुटतो. ज्या मुलाला ती बोच पुस्तकाआधीच ठाऊक होती, त्याच्याविषयी हा बचाव काहीच बोलत नाही. कृतज्ञता खरी असेल. पण येथे हिशेब कृतज्ञतेचा नाही. वाचकावर ऋण आहे ते बालपणीच्या स्वतःचे नव्हे, लेखकाचेही पूर्णतः नव्हे. त्याच वर्गात, त्याच बाकांवर, तेच पुस्तक वेगळे वाचणाऱ्या आणि तेव्हा न विचारल्या गेलेल्या मुलाचे ते आहे.

मग पुस्तकाचे करायचे काय? गाळून टाकण्याचा मार्ग उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत शेकडो शब्द बदलल्याचे उघड झाले तेव्हा गदारोळ उठला आणि प्रकाशकांना मूळ पाठही छापत राहण्याचे जाहीर करावे लागले. साने गुरुजींच्या लेखनावरील स्वामित्वहक्क २०१० अखेर संपलेला आहे. ‘श्यामची आई’ कोणीही संक्षिप्त करू शकतो, आणि आंघोळीचे वाक्य वगळले तर कथा अडखळणारही नाही. उलट ती अधिक गोड होईल. पण त्या गोडव्यात आईने शोधलेली पळवाट जाईल, ती पळवाट जिच्यामुळे शोधावी लागली ते गाव जाईल, आणि ज्याने ते वाक्य दहाव्या वर्षी वाचले त्याच्या वाचनाचा पुरावाही जाईल. आईला दोषमुक्त करण्यासाठी म्हातारीवरचा डाग पुसला गेला असे दाखवणे, हे त्या प्रकरणात घडलेल्या गोष्टीपेक्षा अधिक अप्रामाणिक ठरेल.

वाचून दाखवणाऱ्यापुढे अडचण अधिक साधी आणि अधिक कठीण आहे. रात्रीची वेळ, मूल अर्धवट झोपेत, प्रकरण त्या वाक्याशी येते. तिथे आवाज किंचित भरभर करून पुढे जाता येते. पुष्कळजण तसेच करतात, आणि मूल आईच्या प्रेमात झोपी जाते. पण एखादे मूल जागे असते. मोळी उचलून दिली, मग आंघोळ कशासाठी, असे ते विचारते. त्याला उत्तर द्यायचे तर पालगडपासून, किंवा आपल्या स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी लागते, आणि त्या रात्री पुढचे प्रकरण वाचायचे राहून जाते.