मोठा आधी, लहान मागून

महाड तालुक्यातल्या सवला गरम पाण्याच्या कुंडापासून जरा बाजूला, सावित्रीच्या काठावर बसा. पाय कुंडाच्या पाण्यात सोडायचे असतील तर आधी हाताने अंदाज घ्या, कढत असते. घाई नसेल अशीच वेळ निवडा. आज मनात एक काचेची नळी उभी करायची आहे आणि तिच्यातून काय कधी खाली उतरते, ते नुसते पाहायचे आहे.

नळी हातभर उंच, बोटभर जाड. तिच्यात पाणी पिऊन फुगलेले बारीक मणी गच्च बसलेले. मणी डेक्स्ट्रानचे. तोडलेला ऊस पडून राहिला की रसाला जी बुळबुळीत तार सुटते आणि साखर कारखान्यांना वैताग आणते, ती याच डेक्स्ट्रानची. जिवाणू साखरेपासून ते बनवतात. स्वीडनमधल्या उप्सालात येर्कर पोराथ आणि पेर फ्लोदिन यांनी त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून केलेला जाळीदार जेल वापरला आणि १९५९ साली ही पद्धत ‘जेल फिल्ट्रेशन’ या नावाने मांडली. त्याआधी लंडनमध्ये लेथ आणि रुथ्वेन यांनी फुगवलेल्या स्टार्चवर असेच काही करून पाहिले होते.

आता नळीत सोडायला काही रेणू हवेत. ते दूर शोधायला नको. या तालुक्याचे नाव जगभरच्या वैद्यकात गेले ते लाल विंचवामुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर इथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते, तेव्हा विंचूदंशाचे रुग्ण घामाने भिजलेले, हातपाय गार पडलेले, फुप्फुसांत पाणी भरलेले असे येत आणि त्यांतले कितीतरी हातचे जात. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून पाहिले. १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्या किताबापेक्षा आरोग्य केंद्रातल्या खाटेशेजारी रात्रभर नाडी धरून बसणे मोठे वाटते.

तर तीन रेणू घ्या. प्राझोसिन, वजन सुमारे ३८३ डाल्टन. विंचवाच्या विषातले एक प्रथिन, सुमारे ७,०००. आणि प्रतिविषातला प्रतिपिंडाचा तुकडा, सुमारे १ लाख. घोड्याच्या रक्तातला दीड लाखाचा प्रतिपिंड पेप्सिनने कापून तो मिळतो. तिघांना तूर्त वेगवेगळे ठेवा. एकेकाचा थेंबभर द्राव नळीच्या माथ्यावर सोडा आणि वरून खारट बफर हळूहळू ओता.

थांबा. कोण आधी येईल?

मन चाळणीची आठवण काढते: बारीक ते आधी खाली. इथे उलटे होते. प्रतिपिंडाचा तुकडा मण्याच्या जाळीत शिरूच शकत नाही, अशी जाळी आपण निवडली आहे. त्याला फक्त मण्यांमधल्या फटी उपलब्ध. मण्यांनी भरलेल्या नळीच्या, म्हणजे स्तंभाच्या, आकारमानाचा साधारण तिसरा हिस्सा. तेवढे पाणी उतरले की तो बाहेर. विषाचे प्रथिन काही मण्यांच्या आत जाते, रेंगाळते, बाहेर येते, पुन्हा दुसऱ्यात जाते. प्राझोसिनला जवळजवळ सगळे दरवाजे उघडे, म्हणून ते सर्वांत शेवटी. कोणी कोणाला अडवलेले नाही, कोणी कशाला चिकटलेले नाही. चिकटू नये म्हणूनच तर बफरमध्ये मीठ घातले. उशीर होतो तो केवळ जास्त जागेत फिरता येते म्हणून.

या वाक्यापाशी थोडे बसून राहा.

एक बारकावा सांगून टाकतो: स्तंभाला वजन कळत नाही, पसारा कळतो. त्याच वजनाचे लांबट प्रथिन गोळीबंद प्रथिनापेक्षा लवकर उतरते. म्हणून आधी माहीत असलेली प्रथिने सोडून पट्टी आखून घ्यावी लागते. सर्वांत पुढे निळे डेक्स्ट्रान धावते, सुमारे २० लाखांचे. निळी रेघ खाली सरकताना डोळ्यांना दिसते. हे काम अनेकदा थंड खोलीत चालते. सवच्या वाफेकडे पाहत त्याचा विचार करणे जरा गमतीचेच.

आता विष आणि प्रतिविष एकत्र कालवा, मग ओता. विषाच्या नेहमीच्या जागी जवळजवळ काहीच उतरत नाही. ते पुढे गेले: प्रतिपिंडाच्या तुकड्याला बांधले गेल्यावर लहान उरले नाही, मण्यांचे दरवाजे त्याला बंद झाले. मोठ्याबरोबर तेही लवकर खाली आले.

शेवटी नळी बाजूला ठेवा आणि शरीर घ्या. नियम तोच, फळ वेगळे. दंश झाल्यावर विषाचे लहान प्रथिन रक्तवाहिनीतून ऊतींत पटकन पसरते, कारण त्याला जागा जास्त उपलब्ध. प्रतिपिंडाचा मोठा तुकडा बराच वेळ रक्तातच असतो. मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्यांवर जाऊन बसलेल्या विषापर्यंत तो पोचेपर्यंत ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचा लोंढा सुटलेला असतो. प्राझोसिन तर तिघांत सर्वांत लहान. ते विषाला हात लावत नाही. रक्तवाहिन्यांच्या ज्या अल्फा ग्राहींवर तो लोंढा आदळतो, तिथे जाऊन बसते. आकुंचन पावलेल्या वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो.

म्हणून प्रतिविष बाद झाले असे मात्र नाही. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर दोन्ही बाजू तपासल्या. निष्कर्ष २०११ मध्ये ‘बीएमजे’त आले. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष मिळून दिलेले रुग्ण लवकर सावरले. रक्तात अजून मोकळे फिरणारे विष मोठ्याने धरले, आधीच उठलेले वादळ लहानाने सांभाळले.